गुणवंत विद्यार्थी : सत्काराआधी शोध

दरवर्षी जयंतीच्या कार्यक्रमात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. दहावी-बारावीत चांगले गुण मिळविलेली मुले व्यासपीठावर येतात आणि पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र व एखादे पुस्तक घेऊन खाली उतरतात. आई-वडिलांचे डोळे भरून येतात. हा सोहळा आम्हांस प्रिय आहे. तो बंद करावा असे आम्ही कधीही म्हणणार नाही. परंतु सत्काराची यादी तयार करताना एक प्रश्न आम्हांस सतत पडत आला आहे. जी मुले या यादीपर्यंत पोचलीच नाहीत, त्यांत गुणवंत नव्हते काय? दहावीच्या आधीच जी शाळेतून गळाली, त्यांची नोंद कोणाकडे आहे? सत्कार दहावीचा असला तरी शोध तिसरी-चौथीपासून सुरू झाला पाहिजे, आणि तो नुसत्या गुणपत्रिकेवरून होत नाही, एवढेच आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

लोणारच्या काठावरचा प्रश्न

आमच्यापैकी काहीजण खेड्यांतील शाळांवर शिक्षक होते. काही वर्षांपूर्वी चौथीच्या मुलांची सहल लोणारला नेली होती. सरोवराच्या काठावर उभे राहून आम्ही सांगितले की, हजारो वर्षांपूर्वी येथे आकाशातून उल्का आदळली आणि काळ्या कातळात जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचे हे विवर झाले. मुलांनी माना डोलावल्या. मागे उभ्या असलेल्या एका मुलीने मात्र विचारले, "गुरुजी, येवढा मोठा खड्डा पडला, तं मंग तो दगड गेला कुठी?"

आम्हांस उत्तर येत नव्हते. "चला, पुढे चला, उशीर होतो," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. पुढे वाचनात आले की, अशा आघाताच्या वेळी इतकी उष्णता निर्माण होते की, उल्केचा बहुतेक भाग वितळून वा वाफ होऊन जातो. म्हणजे त्या मुलीने नेमका शास्त्रज्ञांचाच प्रश्न विचारला होता. तिचे परीक्षेतील गुण साधारण होते, म्हणून तिचे नाव आमच्या हुशार मुलांच्या यादीत नव्हते. तिचे आई-वडील दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामाला जात, तिलाही बरोबर नेत. हजेरीपटात दोन वर्षे तीन-तीन महिने गैरहजेरी लागली होती. पाचवीत तिचा नवोदयचा अर्ज भरावा असे कोणास सुचले नाही. गावची शाळा सातवीपर्यंतच होती. आठवीत ती कोठेच दिसली नाही. दोष तिच्या आई-वडिलांचा नव्हता, आमचा होता.

साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी

पूज्य बाबासाहेब १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या हिशेबाने हे अडतीस टक्केही भरत नाहीत. गुणांच्या क्रमाने यादी केली असती तर हे नाव त्यात आले नसते. परंतु त्या गुणांमागे परळच्या चाळीतील एक खोली होती, पहाटे दोन वाजता अभ्यासाला उठविणारे वडील होते. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही जातीमुळे ते नाकारले गेले व फारसी घ्यावी लागली होती.

या मुलाची पारख कोणी केली? कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने. चर्नी रोडच्या बागेत शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज वाचीत बसतो, हे त्यांनी पाहिले, त्याची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. मॅट्रिकच्या अभिनंदनाच्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी पैशाची अडचण आली तेव्हा हेच केळुसकर गुरुजी त्याला महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्याकडे घेऊन गेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठाची वाट उघडली ती बडोद्याच्याच शिष्यवृत्तीमुळे.

यात तीन गोष्टी आहेत : कोणीतरी पाहिले, कोणीतरी पुस्तक दिले, आणि गरजेच्या वेळी कोणीतरी दारापर्यंत सोबत गेले. गुणवंतांना साहाय्य करणे म्हणजे याहून वेगळे काही नाही.

गुणवंत कोणास म्हणावे?

अमेरिकेत लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये बुद्धिमापन चाचणीने हुशार मुले निवडून त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्या चाचणीत ठरविलेल्या अंकापर्यंत न पोचल्याने वगळली गेलेली दोन मुले पुढे पदार्थविज्ञानाच्या नोबेल पुरस्काराची मानकरी ठरली : विल्यम शॉकली १९५६ साली आणि लुई अल्वारेझ १९६८ साली. चाचणी निरुपयोगी असते असा याचा अर्थ नव्हे. पण एका चाचणीवर मुलाचे भवितव्य ठरवू नये, हे त्यावरून निश्चित कळते. जोसेफ रेंझुली या शिक्षणतज्ज्ञाने १९७८ मध्ये गुणवत्तेची तीन अंगे मांडली : सरासरीहून बरी क्षमता, नवे काही सुचण्याची शक्ती आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती. आपल्या खेड्यापाड्यांतील मुलांकडे पाहावयास ही तीन अंगे चांगली उपयोगी पडतात.

शिक्षकांनी व पालकांनी काय पाहावे?

१) मूल कसे प्रश्न विचारते? "काहून?" हा प्रश्न उत्तर मिळाल्यावरही जे मूल पुन्हा विचारते, त्याची नोंद घ्यावी.

२) तोंडी हिशेब. आईने आठवड्यात किती किलो कापूस वेचला आणि त्याची मजुरी किती झाली हे बोटावर सांगणारे मूल पाटीवरच्या गणितात चुकत असेल, तर अडचण लिहिण्याची आहे, बुद्धीची नाही.

३) भाषा. आपल्या भागातील पुष्कळ मुले घरी वऱ्हाडी बोलतात. "मले समजलं" म्हणणाऱ्या मुलाला हसले की ते बोलणे बंद करते, आणि मग आपण त्याला मंद समजतो. आधी त्याचा विचार ऐकावा, प्रमाणभाषा हळूहळू येते.

४) खोडकरपणा. काम पाच मिनिटांत संपवून शेजाऱ्याला त्रास देणारे मूल कंटाळलेले असू शकते. शिक्षा करण्यापूर्वी त्याला एक अवघड कोडे देऊन पाहावे.

५) हातांची कल्पकता. बिघडलेली बॅटरी, सायकल, रेडिओ खोलून पाहणारी मुले. चित्र काढणारी, गाणे रचणारी, नक्कल करणारी मुले.

६) गप्प मुली. लहान भावाला कडेवर घेऊन शाळेत येणारी मुलगी वर्गात हात वर करीत नाही. तिला वेगळे बसवून विचारावे.

प्रत्येक वर्गशिक्षकाने एक साधी वही करावी. दरमहा प्रत्येक मुलाविषयी दोन ओळी लिहाव्यात : काय विचारले, काय करून दाखविले. वर्षाअखेर ती वही गुणपत्रिकेपेक्षा जास्त सांगेल. मूल पुढच्या वर्गात गेले की वहीही पुढच्या शिक्षकाकडे जावी.

ओळखल्यानंतर काय करावे?

हुशार मुलाला त्याच प्रकारची आणखी वीस गणिते देणे हे साहाय्य नव्हे. त्याला खोलात नेणारे काम द्यावे. क्षेत्रफळ शिकवून झाले असेल तर त्याने शाळेचे मैदान दोरीने मोजून नकाशा काढावा. पर्जन्यमान शिकला असेल तर पावसाळाभर बाटलीच्या पर्जन्यमापकाने रोज पाऊस मोजून ठेवावा. त्याने मागे पडलेल्या सोबत्याला शिकवावे हे चांगले. मात्र त्याला कायमचा बिनपगारी मास्तर करू नये. आणि "तू फार हुशार" असे उठताबसता सांगू नये. अशा मुलाला चुकण्याची भीती वाटू लागते. मेहनतीचे कौतुक करावे.

शासनाने उघडलेली दारेही माहीत असावीत. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये वाढली. आपल्या जिल्ह्याचे नवोदय शेगावला आहे. पाचवीतील मुलांची परीक्षा घेऊन सहावीत प्रवेश मिळतो. प्रश्न ८०, गुण १००, आणि निम्मे गुण बौद्धिक क्षमतेला. ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना व एक तृतीयांश मुलींना आहेत. परंतु तेरा तालुक्यांच्या जिल्ह्यासाठी एकूण जागा ८० च, आणि परीक्षेला एकदाच बसता येते. ग्रामीण जागेसाठी तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण शाळेत पूर्ण झालेली लागतात. म्हणून स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या मुलाचे नाव हजेरीपटावरून कमी होऊ न देणे, हेच पहिले साहाय्य होय.

राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा दीर्घकाळ चौथी व सातवीला होती, २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीला नेण्यात आली. इयत्ता बदलत असल्याने मुख्याध्यापकांकडे दरवर्षी जूनमध्येच चौकशी करावी. केंद्राची २००८ पासूनची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा आठवीत होते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. पालकांचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते. मूल शासकीय निवासी शाळेत असेल तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही, हे प्रवेशाचा निर्णय करताना ध्यानात ठेवावे. पुष्कळ मुले परीक्षेत नव्हे, कागदपत्रांत नापास होतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते यांची तयारी एक वर्ष आधी करावी.

समाजाची जबाबदारी

नोकरीतील बांधवांना आमची विनंती आहे. प्रत्येकाने आपल्या मूळ गावच्या शाळेतील दोन मुलांकडे पाच वर्षे लक्ष द्यावे. पैसे देणे सोपे असते, लक्ष देणे अवघड असते. विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी दिवा, सतरंजी आणि पन्नास पुस्तके असली तरी अभ्यासिका सुरू होते. सुगीत वा ऊसतोडीच्या काळात एखाद्या मुलास आजी-आजोबांजवळ ठेवण्याची सोय झाली, तर त्याचे वर्ष वाचते. गावची शाळा सातवीपर्यंतच असेल, तर आठवीला जाणाऱ्या मुलीला सायकल मिळेल काय, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले. आणि जी मुले कोणत्याच परीक्षेत निवडली जात नाहीत, त्यांना टाकून देऊ नये. ८० जागांबाहेर राहिलेले मूल कमी प्रतीचे नसते.

पुढील वर्षी सत्काराच्या यादीसोबत आणखी एक यादी असावी असे आम्ही सुचवितो. तिच्यात टक्केवारी नसेल. कोणत्या गावातील तिसरी-चौथीच्या कोणत्या मुलाने काय विचारले, काय बनविले आणि त्याच्याकडे लक्ष देण्याची जबाबदारी कोणी घेतली, एवढेच त्यात लिहिलेले असेल. ही यादी व्यासपीठावर वाचू नये, ती कार्यकर्त्यांच्या खिशात असावी. चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसलेल्या मुलाकडे एका शिक्षकाचे लक्ष गेले. लोणारच्या काठावर प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे आमचे गेले नाही. यापुढे तरी तसे होऊ देणे आपणांस परवडणार नाही.