लॉगिन कोणासाठी थांबलंय

अगं, आता ती सीए ऑफिसं, ती पतसंस्था, ती पॅथॉलॉजी लॅब, सगळ्यांची एएमसी तू बघणार, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. फोनवर तुला कोणीही ‘डीएनएस बिघडलाय’ असं सांगणार नाही. सांगतील, ‘मॅडम, सर्व्हर स्लो झालाय.’ टॅली अडखळली तरी सर्व्हर स्लो, प्रिंट निघाली नाही तरी सर्व्हर स्लो, आणि सकाळी पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप यायला पाच मिनिटं लागली तरी सर्व्हरच स्लो. मी या शेवटच्या तक्रारीबद्दल बोलतोय. तिच्यात सर्व्हर बहुतेक वेळा स्लो नसतोच. टास्क मॅनेजर उघडलास तर सीपीयू चार-पाच टक्क्यांवर निवांत बसलेला दिसेल. पासवर्ड बरोबर की चूक हे ठरवायला त्याला क्षणभरही लागत नाही. बाकीचा सगळा वेळ टेबलावरचं मशीन कोणाची तरी वाट बघत असतं. कोणाची, तेवढं शोधायचं.

म्हणून गेल्या गेल्या रीस्टार्ट मारू नकोस. रीस्टार्टनं चालू झालं तर ते कशानं झालं हे तुला कळणार नाही, आणि दोन दिवसांनी तोच फोन पुन्हा येईल. आधी दोन खुर्च्या बदलून बघ. ज्या मुलाचं लॉगिन रखडतं त्याला शेजारच्या मशीनवर बसव, आणि शेजारच्याला त्याच्या मशीनवर. त्रास माणसाबरोबर गेला तर त्याची प्रोफाइल बघायची. मशीनपाशीच राहिला तर केबल, नेटवर्क सेटिंग, डिस्क. दोन्हीकडे तेच, सगळ्यांनाच तेच, तर मग सर्व्हरच्या खोलीकडे वळ. पाच मिनिटांचं काम आहे, पण लोक ते न करता थेट ‘रॅम वाढवा साहेब’ म्हणून मोकळे होतात. रॅम वाढवल्यानं रॅम विकणाऱ्याचं भलं होतं.

मग मोबाईलचं स्टॉपवॉच लाव. एंटर दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंतचा वेळ तीन-चार वेळा मोज आणि लिहून ठेव. आकडा दरवेळी जवळपास तोच आला, तीस सेकंद म्हणजे तीस, तर मशीन कुणाला तरी हाक मारतंय, उत्तर येत नाहीये, आणि ठरलेली मुदत संपली की ते नाद सोडून पुढे जातंय. आकडा कधी चाळीस, कधी दीडशे, कधी नव्वद असा भटकत असेल तर ते ओझं आहे: डिस्क दमलीय, लाइन भरलीय किंवा कॉपी व्हायला फार माल आहे. ही दोन दुखणी वेगळी आणि त्यांची औषधंही वेगळी. तिसरा एक प्रकार आहे, एक दिवस झटकन आणि एक दिवस मिनिटभर. त्याच्याकडे नंतर येते गाडी.

स्क्रीनवर काय लिहून येतं तेही बघ. नुसतं ‘वेलकम’ फिरत राहिलं तर काहीच कळत नाही. ग्रुप पॉलिसीत, कॉम्प्युटर कॉन्फिगरेशनखाली ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्समध्ये सिस्टिम म्हणून भाग आहे. तिथे ‘डिस्प्ले हायली डिटेल्ड स्टेटस मेसेजेस’ नावाची सेटिंग सापडेल, ती चालू कर. मग मशीन स्वतःच सांगतं, आता ड्राइव्ह मॅप करतोय, आता प्रिंटर लावतोय. ऑफिसातली मुलंसुद्धा मग फोनवर नेमकं सांगू लागतात, ‘मॅडम, प्रिंटरवर अडकलंय.’ त्यानं तुझी निम्मी चक्कर वाचते.

आता डीएनएस. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण लहान ऑफिसात लॉगिन रखडलं की मला बहुतेक वेळा शेवटी हेच सापडलंय. विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली तेव्हापासून मशीन आपला डोमेन कंट्रोलर डीएनएसला विचारूनच शोधतं. ‘ऑफिस.लोकलचा कारभार कोण बघतो?’ हा प्रश्न ऑफिसातल्या सर्व्हरलाच विचारायला हवा. तो इंटरनेटवरच्या डीएनएसला, म्हणजे ८.८.८.८ ला, विचारणं म्हणजे आपल्या आळीतल्या माणसाचं घर दादर स्टेशनवर उभं राहून विचारणं. तो म्हणणार, असं कोणी नाही.

गंमत अशी की जाणकार म्हणवणारे लोकही पहिला डीएनएस सर्व्हरचा देतात आणि दुसरा, ‘असू दे बॅकअपला’ म्हणून, ८.८.८.८ टाकतात. दुसरा हा राखीव खेळाडू नसतो. पहिल्यानं सेकंदाभरात उत्तर दिलं नाही की विंडोज दुसऱ्याला विचारतं आणि मग काही काळ त्यालाच धरून बसतं. आणि ‘असं कोणी नाही’ हेही त्याच्या लेखी पुरतं उत्तरच असतं, ते मिळाल्यावर ते पुन्हा पहिल्याकडे वळत नाही. म्हणून टेबलावरच्या प्रत्येक मशीनला डीएनएस म्हणून फक्त आपल्या सर्व्हरचा पत्ता. बाहेरची नावं सर्व्हरच शोधून आणतो, त्यासाठी त्याच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर असतात, ८.८.८.८ ची जागा तिथे. सर्व्हरच्या स्वतःच्या नेटवर्क कार्डावरही इंटरनेटवाल्याचा पत्ता राहिलेला असतो बऱ्याचदा, तो काढ.

हे लवकर लक्षात येत नाही, कारण लॉगिन होतं. उशिरा होतं, पण होतं. विंडोज शेवटच्या दहा जणांची ओळख मशीनवर जपून ठेवतं. सर्व्हर सापडला नाही तर त्या जुन्या ओळखीवर माणसाला आत सोडतं. आत गेल्यावर ड्राइव्हवर लाल फुली दिसते, आणि मग तक्रार ‘ड्राइव्ह गेला’ अशी येते. इथे ‘सेट लॉगऑनसर्व्हर’ करून समाधान मानू नकोस. जुन्या ओळखीवर आत आलेल्यालाही ते सर्व्हरचंच नाव दाखवू शकतं. त्यापेक्षा ‘एनएलटेस्ट’ला ‘डीएसगेटडीसी’ लावून डोमेनचं नाव दे. कंट्रोलर खरोखर सापडतोय का, आणि किती वेळात, ते तिथे उघडं पडतं. त्याआधी ‘आयपीकॉन्फिग ऑल’ तर कुठल्याही मशीनवर बसल्या बसल्या चालवायचंच, आणि त्यातली डीएनएसची ओळ शेवटपर्यंत वाचायची, पहिला पत्ता बघून उठायचं नाही.

शेवटपर्यंत वाचायची याला कारण आहे. हल्ली फायबर बसवायला मुलगा येतो, नवा राउटर लावतो, मोबाईलवर स्पीड टेस्ट दाखवतो आणि निघून जातो. त्या राउटरचं डीएचसीपी चालू असतं. म्हणजे ऑफिसात आता पत्ते वाटणारे दोघं झाले, आणि सकाळी जो आधी ओ देईल त्याचा पत्ता मशीन घेतं. त्यात राउटरनं पत्ता दिला की डीएनएसही राउटरचाच. म्हणून तर निम्मी मशीनं ठीक आणि निम्मी रखडलेली, तीही रोज वेगळी. राउटरचं डीएचसीपी बंद कर, सर्व्हरवरून दे. एवढं करूनही सुटलं नाही तर आयपीव्ही सिक्सकडे बघ. राउटर त्या वाटेनं स्वतःला डीएनएस म्हणून जाहीर करत असतो. आयपीकॉन्फिगच्या यादीत कोलनवाला लांबलचक पत्ता सगळ्यात वर दिसला की समज. तोही राउटरवरच बंद करायचा. प्रत्येक मशीनवर जाऊन आयपीव्ही सिक्सची खूण काढत बसू नकोस, विंडोजचं काही ना काही त्यावर अवलंबून असतं.

आणि तो तिसरा प्रकार, कधी झटकन कधी मिनिटभर. सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट असतात. कोणीतरी कधीतरी दुसऱ्यात केबल घालून बघितलेली असते. डीएनएसमध्ये सर्व्हरच्या नावापुढे मग दोन पत्ते बसतात, एक जिवंत आणि एक कोणीच पोचू शकत नाही असा. मशीनला आलटून पालटून दोन्ही मिळतात. डीएनएस कन्सोल उघड, मेलेला पत्ता काढ, तो पोर्ट डिसेबल कर. नुसता पत्ता काढलास आणि पोर्ट तसाच ठेवलास तर सर्व्हर तो पुन्हा नोंदवतो.

डीएनएस स्वच्छ असेल तर मग मेलेल्या वाटा शोध. जुना सर्व्हर भंगारात गेला, पण लॉगिन स्क्रिप्टमध्ये झेड ड्राइव्ह अजून त्याच्याच नावावर आहे. किंवा तीन वर्षांपूर्वी काढून टाकलेला प्रिंटर ग्रुप पॉलिसीत आहे. विंडोज अशा पत्त्यावर एक हाक मारून थांबत नाही. तीन सेकंद वाट, मग सहा, मग बारा, असा त्याचा बरीच वर्षं चालत आलेला हिशेब आहे. तुझ्या स्टॉपवॉचवर एकवीस सेकंदांचा तुकडा दिसला की मेलेला पत्ता आठव. ड्राइव्ह आणि प्रिंटरच्या पॉलिसीत ‘रिप्लेस’ निवडलेलं असेल तर ‘अपडेट’ कर. रिप्लेस दरवेळी आधीचं काढून पुन्हा नव्यानं लावतं, आणि प्रिंटरच्या बाबतीत ते फार महागात पडतं.

अंदाज बांधत बसायचं नसेल तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ग्रुप पॉलिसीचा ऑपरेशनल लॉग उघड. ८००१ क्रमांकाची नोंद युजरच्या पॉलिसीला एकूण किती सेकंद लागले ते सांगते, आणि ५०१६ च्या नोंदी प्रत्येक तुकड्याचे मिलिसेकंद. ॲप्लिकेशन लॉगमध्ये विनलॉगऑनची ६००६ असेल तर कोण रेंगाळलं त्याचं नावच तिथे असतं.

आता ओझ्याचं. आर्टिकलशिपची मुलं डेस्कटॉपवर काय काय ठेवतात ते तू बघशीलच: क्लायंटची स्कॅन केलेली चलनं, बँक स्टेटमेंट, लग्नाचे व्हिडिओ. प्रोफाइल रोमिंग असेल तर नव्या मशीनवर बसताच हे सगळं सर्व्हरवरून खाली ओढलं जातं. चार जीबीची प्रोफाइल १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला बारा एमबीच्या आसपास येते, म्हणजे साडेपाच-सहा मिनिटं गेली. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचं फोल्डर रीडायरेक्शन कर, म्हणजे फाइल्स सर्व्हरवरच राहतील आणि येजा वाचेल. ‘आमची लाइन तर गीगाबिटची आहे’ असं साहेब सांगतील. त्यांचं ऐक आणि मशीनच्या नेटवर्क स्टेटसमध्ये स्पीड स्वतः बघ. गीगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात. फॉल्स सीलिंगमध्ये उंदरानं एक जोडी कुरतडली की लिंक मुकाट्यानं शंभरावर उतरते, दिवा हिरवाच राहतो, आणि इंटरनेट नीट चालत असल्यामुळे वर्षभर कोणाला पत्ताही लागत नाही.

सर्व्हरवर सकाळी दहाला रिसोर्स मॉनिटर उघडून डिस्क बघ. अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन किंवा बॅकअप नेमकं त्याच वेळी लावून ठेवलेलं असतं, कारण लावणाऱ्यानं दिवसाची वेळ बदललीच नव्हती. रात्री दोनवर टाक. आणि रेडमधली एखादी डिस्क मेली आहे का ते कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये बघ. कार्ड पिपाणीसारखं वाजलेलं असतं, पण कोणीतरी बझर बंद केलेला असतो, आणि उरलेल्या डिस्का दुप्पट राबत असतात. तसं दिसलं तर लॉगिनचं राहू दे, आधी बॅकअप घे.

वीज गेल्यानंतरची सकाळ वेगळी मोजायची. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते तिथे तुला हे हटकून दिसेल. वीज आली की मशीनं मिनिटात उठतात, सर्व्हर आपला दहा मिनिटांनी. तेवढ्यात जो लॉगिन करेल तो रखडणारच, त्यात बिघाड काही नाही. मॅनेज्ड स्विच असेल तर तोही पोर्ट जोडल्यावर पंधरा सेकंद ऐकण्यात आणि पंधरा शिकण्यात घालवतो. तीस सेकंदांचा आकडा आला की मशीनच्या पोर्टांवर ‘एज पोर्ट’ किंवा ‘पोर्टफास्ट’ लाव. दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टावर मात्र नको. आणि वीज गेल्यावर सर्व्हरचं घड्याळ मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदल. मशीन आणि सर्व्हर यांच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की केर्बेरॉस तिकीट देत नाही. हा सगळ्यात स्वस्त इलाज आहे आणि सगळ्यात कमी वेळा सुचतो.

पतसंस्थेत लिनक्सचा डबा आहे. तिथे तू एसएसएचनं आत जाशील. पासवर्ड विचारायच्या आधीच थांबला तर तो तुझ्या पत्त्यावरून तुझं नाव शोधतोय. डीएनएसकडून उत्तरच आलं नाही तर प्रत्येक हाकेला पाच सेकंद जातात. २०१५ पासून ओपनएसएसएचमध्ये ‘यूजडीएनएस’ मुळातच ‘नो’ असतं, पण त्या डब्याचं वय तेव्हापेक्षा जास्त आहे, तिथे हातानं लिही. जीएसएसएपीआय बंद करून बघ. पासवर्ड दिल्यानंतर थांबला आणि आकडा नेमका पंचवीस आला तर लॉगइंड आणि डीबस यांचं बिनसलंय. तीन वेळा ‘व्ही’ लावून एसएसएच चालवलंस की थांबण्याची ओळ समोर दिसते.

एका वेळी एकच बदल कर आणि लगेच स्टॉपवॉच लाव. सगळं सुरळीत असताना एकदा लॉगिनला किती वेळ लागतो ते प्रत्येक ऑफिसच्या वहीत लिहून ठेव, नाहीतर ‘पूर्वी झटकन व्हायचं’ या वाक्याशी भांडत बसशील. रिटर्नची किंवा ऑडिट रिपोर्टची मुदत जवळ आली असेल, जुलैचा शेवटचा आठवडा, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, तर सीए ऑफिसात डीएनएसला हात लावू नकोस. रखडणारं लॉगिन परवडतं, बंद पडलेलं नाही.

बिलावर ‘सर्व्हर सर्व्हिसिंग’ असं मोघम लिहू नकोस. ‘राउटरचं डीएचसीपी बंद केलं, बारा मशीनचं डीएनएस दुरुस्त केलं’ असं लिही. साहेब विचारतील, हे काय असतं. त्यांना उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांग. पुढच्या वेळी राउटर बदलायचा झाला तर मुलगा बोलावण्याआधी तुला फोन करतील.