पांढरा ढग आणि पेरणीचा निर्णय

मृग नक्षत्र लागले की आपल्या रेणापूर परिसरात नजरा आभाळाकडे आणि आता मोबाइलवरील उपग्रह-चित्राकडेही वळतात. चित्रात पांढरा पट्टा दिसला की पाऊस आलाच, असे आपण मानतो. हा समज आपण तपासून पाहू.

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रक्षेपित झालेला ‘इन्सॅट-३डीएस’ सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून ढग टिपतो. दृश्य-प्रकाशातील चित्रात दाट ढग शुभ्र दिसतो. अवरक्त चित्रात ज्याचा माथा अधिक थंड, म्हणजे सहसा अधिक उंच, तो शुभ्र दिसतो. म्हणून दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत.

दृश्य चित्रात शुभ्र, पण अवरक्तात करडा, तो सखल स्तरमेघ. त्यातून फार तर भुरभुर. अवरक्तात पांढरा, पण दृश्य चित्रात विरळ, तो उंचावरचा तंतुमेघ. त्याने जमीन भिजत नाही. दोन्हींत शुभ्र आणि घट्ट, तो बहुधा गर्जणारा क्युम्युलोनिम्बस. जोरदार सरी व गारा त्याच्याच. रात्री दृश्य चित्र नसते. तेव्हा तंतुमेघही वर्षामेघ भासू शकतो.

२०१६ साली ज्या लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे दुबार पेरणी कोणास परवडणार? ढग ओळखावा, परंतु सोयाबीनची मूठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, जमिनीतील ओल पाहूनच धरावी.