गल्ल्यावर प्रोग्राम एकच हवा

कसबा पेठेत तांबट आळीच्या आसपासच्या भांड्यांच्या दुकानांना बिलिंगचे प्रोग्राम करून देणं आणि पुढे ते सांभाळणं, हा माझा धंदा. बंब, घंगाळ, हंडा, सगळं वजनावर विकलं जातं, त्यामुळे बिल करायला वेळ लागतो. धनत्रयोदशीच्या आसपास फोन थांबत नाही. तक्रारी निरनिराळ्या असतात, पण खूपदा मूळ एकच निघतं: तोच प्रोग्राम दोनदा उघडलेला. त्यातून शिकलेलं थोडं.

१. माणूस पुन्हा क्लिक करणारच. संगणक जुना, समोर गिऱ्हाईक ताटकळलेलं आणि पडद्यावर काहीच हालचाल नाही. मग तो आणखी काय करणार? प्रोग्रामने आल्या आल्या ‘उघडतोय, थांबा’ एवढं दाखवलं तरी पुष्कळ त्रास वाचतो.

२. नुकसान कुठे होतं ते आधी बघा. कॅल्क्युलेटर दोनदा उघडला तर कुणाचं काही बिघडत नाही. बिलाचं तसं नाही. दोन्ही खिडक्यांनी शेवटचा क्रमांक ४१२ वाचला, की बंबाचं बिलही ४१३ आणि घंगाळाचंही ४१३. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिलांचे क्रमांक सलग हवेत आणि आर्थिक वर्षात एक क्रमांक पुन्हा येता कामा नये. सीए पहिलं बोट तिथेच ठेवतो.

३. ‘आधी बघू, मग ठरवू’ चालत नाही. आपल्या नावाची खिडकी उघडी आहे का, हे शोधायची युक्ती जुनी. पण दोन कॉपी एकाच क्षणी सुरू झाल्या तर दोघींनाही कुणी दिसत नाही आणि दोघीही पुढे जातात. बघणं आणि जागा धरणं एका दमात व्हायला हवं. विंडोजमध्ये त्यासाठी नाव दिलेला म्यूटेक्स असतो. तो तयार करायला गेल्यावर १८३ हा एरर कोड आला, तर कुणीतरी आधीच आत आहे.

४. लॉक फाइलवर विसंबू नका. लाईट गेली की फाइल डिस्कवर तशीच राहते आणि सकाळी प्रोग्राम उघडायलाच तयार होत नाही. आत प्रोसेसचा क्रमांक लिहून ठेवला तरी मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तोच क्रमांक भलत्याच प्रोसेसला मिळू शकतो. लॉक फाइल म्हणजे एसटीच्या सीटवर टाकलेला रुमाल. माणूस उतरून गेला तरी जागा अडलेलीच. म्यूटेक्स प्रोसेसबरोबर संपतो. लिनक्सवर फ्लॉकने घेतलेलं लॉकही तसंच सुटतं.

५. दुसऱ्या कॉपीला नुसतं हाकलू नका. ‘प्रोग्राम आधीच चालू आहे’ असा संदेश दाखवला, की फोन येतो, “अहो, चालू आहे म्हणतंय, पण दिसत कुठाय?” खिडकी खाली टास्कबारमध्ये दडलेली असते. दुसऱ्या कॉपीने पहिलीची खिडकी पुढे आणावी आणि गुपचूप बंद व्हावं. क्लिक नुकताच दुसरीवर झालेला असतो, म्हणून विंडोज तिला हे करू देतं; मागे पडलेल्या पहिलीला करू देईलच असं नाही.

६. लॉक कुठपर्यंत पोचतं ते तपासा. वडील आणि मुलगा आपापल्या लॉगिनने बसत असतील, तर साधा म्यूटेक्स ज्याच्या त्याच्या सेशनपुरताच राहतो. नावाआधी ‘ग्लोबल’ लावलं की तो त्या अख्ख्या मशीनला लागू होतो. गोदामातल्या दुसऱ्या संगणकाला मात्र त्याचा पत्ताच नसतो.

७. रात्रीची कामंही यातच येतात. बॅकअप रेंगाळला तरी लिनक्सचा क्रॉन वेळ झाली की पुढचा सुरू करतो. आधीचा संपलाय का, हे तो बघत नाही. तिथे फ्लॉक लावा. विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नवी कॉपी सुरू न करण्याची सोय आहेच, ती निवडलेली आहे ना एवढं पाहा.

शेवटी एकच सांगणं. म्यूटेक्स ही सोय आहे, हमी नाही. हमी हवी असेल तर डेटाबेसमध्ये आर्थिक वर्ष आणि बिल क्रमांक या जोडीवर युनिक इंडेक्स घाला. मग प्रोग्राम दहा ठिकाणी उघडला तरी ४१३ दुसऱ्यांदा नोंदलाच जाणार नाही. वेळ एकाच कामापुरता असेल, तर आधी हे करा.