दादींची तपासणी

मुलांनो, पाटोदा हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. या भागातील पुष्कळ कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. तेथे ती कोपीत राहतात. स्त्रिया चुलीवर भाकरी भाजतात. धूर त्यांच्या नाकातोंडात जातो.

समजा, तुमच्या दादींनी चाळीस वर्षे असाच स्वयंपाक केला. विडीला त्यांनी कधी हात लावला नाही. शेजारच्या एका बाईंनीही विडी ओढली नव्हती; तरी त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. हे ऐकून अब्बा म्हणतात, "शेळी विकू, पण दादींचा सी. टी. स्कॅन करू." तुम्ही काय सांगाल?

अब्बांची काळजी खोटी नाही. भारतात धूम्रपान न करणाऱ्या अनेकांना हा रोग होतो. पण दादींना काहीही त्रास नाही. मग स्कॅनचा उपयोग होईल का?

अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाचा निकाल २०११ साली आला. छातीचा साधा फोटो काढलेल्यांपेक्षा स्कॅन केलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. मात्र ते सर्व लोक खूप सिगारेट ओढणारे किंवा पूर्वी ओढलेले होते. इतरांचे प्राण स्कॅनने वाचतात, हे अजून सिद्ध झालेले नाही. तैवानने २०२२ पासून रक्ताच्या नात्यात हा रोग असलेल्यांनाही तपासणे सुरू केले. तुमच्या घरात तसे असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आपल्याकडे क्षयरोगही पुष्कळ. बरा झाल्यावरही त्याचा डाग फुप्फुसावर राहतो. स्कॅनमध्ये तो दिसला की घर घाबरते, सुईने तुकडा काढून तपासतात, खर्च वाढतो. शेवटी निघतो तो जुना डाग!

म्हणून त्रास नसताना शेळी विकू नका. परंतु खोकला दोन आठवडे टिकला, थुंकीत रक्त आले किंवा वजन घटले, तर "मी विडी ओढत नाही" म्हणून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकी मोफत तपासतात. क्षयाच्या गोळ्यांनीही खोकला गेला नाही, तर पुन्हा डॉक्टरांकडे जा.

आणि अब्बांना सांगा, आधी गॅसची टाकी भरून आणा. दादींचा धूर आजच कमी होईल.

शब्दार्थ
कोपी – ऊसतोड मजुरांची झोपडी
धूम्रपान – विडी, सिगारेट ओढणे
क्षयरोग – टी. बी.

स्वाध्याय
१. अब्बांना काळजी का वाटली?
२. दवाखान्यात केव्हा जावे?
३. तुमच्या घरी स्वयंपाक कशावर होतो? पाच वाक्ये लिहा.