हेल्मेटच्या आतला थर

बांधकामावर खालचा मजूर वीट वर फेकतो आणि परांचीवर उभा असलेला मजूर ती झेलतो. झेलताना त्याचे हात विटेबरोबर किंचित सरकतात. नवखा माणूस हात ताठ धरतो आणि तळवे सोलवटून घेतो. अनुभवी कामगाराला अंगवळणी पडलेली ही गोष्ट भौतिकशास्त्र संवेग आणि आवेग या दोन संज्ञांनी स्पष्ट करते.

वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. सावकाश सरकणारा मालट्रक अडवणे कठीण, कारण त्याचे वस्तुमान मोठे. बंदुकीची गोळी लहान, पण तिचा वेग प्रचंड. 1687 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात न्यूटनने गतीचा दुसरा नियम मांडला, तो याच राशीच्या आधारे. बल आणि ते लागू असण्याचा काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग. संवेगात जेवढा बदल होतो, तेवढाच आवेग असतो. म्हणून थांबण्यास अधिक काळ मिळाला, की बल तेवढ्या प्रमाणात कमी होते.

दुचाकीस्वाराचे डोके दीड मीटर उंचीवरून रस्त्यावर आदळले, असे समजू. आदळताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे 5.4 मीटर असतो. डोक्याचे वस्तुमान 5 किलोग्रॅम धरल्यास संवेग 27 एकके होतो. उघडे डोके सेकंदाच्या दोन सहस्रांश भागात थांबले, तर त्यावर सरासरी 13,500 न्यूटन बल पडेल. हेल्मेटमुळे हाच काळ नऊ सहस्रांश झाला, तर बल 3,000 न्यूटनवर येते. या हिशेबात गाडीचा वेग कोठेही आलेला नाही. उभ्या गाडीवरून पडणाऱ्यालाही तो लागू आहे. तेव्हा ‘नाक्यापर्यंतच तर जायचे आहे’ ही सबब टिकत नाही.

हा जादा काळ मिळतो कोठून? पुष्कळ जण हेल्मेट विकत घेताना वरचे कवच ठोकून पाहतात. कवच आघात पसरवते, हे खरे. परंतु काळ वाढवतो तो आतला थर्मोकोलचा जाड थर. तो चिरडत जातो आणि तेवढ्या अवधीत डोके थांबते. केवळ मऊ स्पंज लावलेले टोपीवजा हेल्मेट या कामाचे नाही. स्पंज हलक्या दाबानेच पूर्ण दबतो आणि खरा आघात होतो त्या वेळी दबण्यासारखे काही उरत नाही. हनुवटीखालचा पट्टा न बांधल्यास हेल्मेट आधीच निसटते. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 129 मध्ये हेल्मेट नीट बांधण्याचाही उल्लेख आहे, तो उगाच नव्हे.

चिरडलेला थर्मोकोल पुन्हा पूर्ववत फुगत नाही. बाहेरून ओरखडाही दिसत नसला, तरी एकदा जोराने आदळलेले हेल्मेट दुसऱ्या अपघातात तेवढा अवधी देऊ शकत नाही. ते बदलावेच लागते.