दंवातली तंबाखू आणि घरची माणसे



पावसाळा सरून थंडी सुरू झाली, की निपाणी भागातल्या काळ्या रानात पहाटे दंव पडू लागते. आगमनकाळ जवळ आलेला असतो. घरातली बाई चूल उरकून, भाकरी बांधून उजाडता उजाडता रान गाठते. तंबाखूचे शेंडे खुडायचे असतात, बगलफूट काढायची असते. गेल्या काही दशकांत सोयाबीन आणि ऊस वाढला असला, तरी तंबाखू आपल्या भागातून गेलेली नाही.

संध्याकाळी हीच बाई डोके धरून बसते. मळमळते, उलट्या होतात, घाम सुटतो, गरगरते, पोटात कळा येतात. रात्री जेवण जात नाही, झोप लागत नाही. एकदोन दिवसांत बरे वाटते आणि ती पुन्हा कामाला जाते. घरात मात्र बोलणी सुरू होतात. कोणी म्हणते पित्त झाले, कोणी म्हणते दृष्ट लागली. नवी सून असेल तर तिला कामाचा कंटाळा आहे, असे ठरून जाते.

वास्तविक हा आजार आहे आणि वैद्यकशास्त्राला तो ठाऊक आहे. १९७० साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यातल्या डॉक्टरांनी तंबाखू तोडणाऱ्या मजुरांत तो नोंदवला. पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने गुजरातच्या तंबाखू कामगारांतही त्याचा अभ्यास केला. तंबाखूच्या पानात निकोटिन असते. ते पाण्यात विरघळते. पान दंवाने किंवा पावसाने भिजले, की ते पाणी हातांवर, बाह्यांवर, लुगड्याच्या निऱ्यांवर येते आणि निकोटिन कातडीतून सरळ रक्तात जाते. तंबाखू तोंडात न घालताही ती बाधते, ती अशी.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी, कारण पुष्कळ घरांतले भांडण इथेच आहे. जो माणूस रोज तंबाखू खातो किंवा विडी ओढतो, त्याच्या शरीराला निकोटिनची सवय झालेली असते. त्याच रानात, त्याच दंवात काम करूनही त्याला त्रास कमी होतो. म्हणून तो म्हणतो, "मला कसं काही होत नाही?" त्याच्या व्यसनाने त्याला जे लपवले, ते बायकोच्या आणि पोरांच्या निर्व्यसनी अंगावर उमटते. (म्हणून कामाआधी चिमूटभर तोंडात टाकावी, असा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.)

१९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या शेतकऱ्यांनी तंबाखूच्या भावासाठी महामार्ग अडवला. ६ एप्रिलच्या गोळीबारात बारा शेतकरी मेले. भावाचा प्रश्न किती खरा होता, हे त्यावरून कळते. पण पानाला भाव मागताना ते खुडणाऱ्या हातांचा विचार आपण घरात तरी करतो का? धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांना पाचवी आज्ञा शिकवताना आपण सांगतोच, की आपल्या आणि शेजाऱ्याच्या जिवाची काळजी तिच्यात येते. सूनही शेजाऱ्यातच धरावी.

उपाय खर्चाचे नाहीत. ऊन वर येऊन पाने सुकल्यावरच खुडणीला लागावे. तोवर दुसरी कामे पुष्कळ असतात. पूर्ण बाह्यांचा जुना सदरा घालावा, पण तो भिजला तर ताबडतोब बदलावा. ओला कपडा अंगावर राहणे हे उघड्या अंगापेक्षाही वाईट. म्हणून कोरडे कपडे, पाण्याची घागर आणि साबण बांधावर ठेवावेत. रबरी हातमोजे उत्तम, मात्र आपल्याकडे दुपारच्या उन्हात ते कोणी फार वेळ घालील असे मला वाटत नाही. खुडलेले शेंडे काखेत किंवा ओटीत धरू नयेत. गरोदर बाई आणि लहान मुले यांना या कामाला लावूच नये. अंगावर पाजणाऱ्या आईने तर हे काम टाळावेच, कारण निकोटिन दुधात उतरते. रानातून आलेल्या कोणीही बाळाला घेण्याआधी आंघोळ करून कपडे बदलावेत.

त्रास सुरू झालाच, तर काम तिथेच थांबवावे. कपडे बदलून अंग साबणाने धुवावे, सावलीत पडून थोडेथोडे पाणी प्यावे. उलटी थांबत नसेल, दम लागत असेल, झटके आले किंवा रोगी लहान मूल असेल, तर दवाखाना गाठण्यास उशीर करू नये. डॉक्टरांना तंबाखूत काम केल्याचे सांगावे आणि फवारणी झाली असेल तर तेही सांगावे, कारण औषधाच्या विषबाधेची लक्षणे अशीच असतात व तिचा उपचार वेगळा असतो.

संक्रांतीच्या सुमारास काढणी आली, की वाळलेले पान घरात येते. त्याच्या खकाण्याने खोकला धरतो. ते झोपण्याच्या खोलीत रचू नये. घर लहान असून दुसरी जागाच नसेल, तर निदान बाळाचा पाळणा तरी बाहेर सोप्यात बांधावा.