बंद होणारी कोळसा खाण : आधी पाणी पाहावे

वर्धा नदीच्या खोऱ्यात, विशेषतः चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत, उघड्या खाणींतून कोळसा काढला जातो. थरावरची काळी माती, मुरूम आणि वालुकाश्म उपसून बाजूला रचल्याखेरीज कोळशास हात लागत नाही. फोडलेला खडक मूळच्यापेक्षा अधिक जागा व्यापतो; त्यातील बराचसा खणलेल्या भागात परत भरला तरी काही बाहेर उरतोच. कोळसा मात्र निघून गेलेला असतो. परिणामी काम संपताना गावाशेजारी एक कृत्रिम टेकडी आणि एक खोल खड्डा शिल्लक राहतो.

खाण बंद करण्याचा आराखडा करणे केंद्रीय कोळसा मंत्रालयाने २००९ साली बंधनकारक केले व २०१३ मध्ये त्यासंबंधीच्या सूचना सुधारल्या. या कामाचा पैसा खाणचालकास एका राखीव खात्यात भरावा लागतो आणि झालेल्या कामाची पडताळणी झाल्यावरच तो टप्प्याटप्प्याने परत मिळतो. म्हणूनच तपासणी ही केवळ औपचारिक भेट नव्हे.

अशा तपासणीसाठी हिवाळा सोयीचा वाटतो. रस्ते कोरडे असतात, रोपे हिरवी दिसतात आणि अहवालात जगलेल्या झाडांची टक्केवारी नोंदविता येते. परंतु टेकडी टिकणार की ढासळणार, याचा निर्णय झाडांपेक्षा पाणीच अधिक करते. तेव्हा निदान एक भेट जुलै-ऑगस्टमध्ये, मोठी सर येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी व्हावयास हवी.

पाहणी माथ्यापासून सुरू करणे इष्ट. माथ्यावर पाणी साचले असेल तर ते ढिगाऱ्यात मुरते आणि आतील भाग जड व सैल करते. ढिगाऱ्याच्या टप्प्यांचा उतार बाहेरच्या कडेकडे नसावा. तो आतल्या बाजूस असावा, म्हणजे पाणी वरच्या टप्प्याच्या पायथ्याशी जमून दगडाने बांधलेल्या नालीतून खाली उतरते. बाहेर उतार असल्यास पहिल्याच पावसाळ्यात कडेवर घळी पडतात आणि पुढे प्रत्येक सरीत त्या खोल होतात. एकूण उतार २८ अंशांहून अधिक नसावा, अशी अट पर्यावरण मंजुरीत बहुधा असते. उतार कागदावर बरोबर असूनही माथ्यावर चंद्रकोरीसारख्या भेगा आणि पायथ्याशी फुगवटा आढळला, तर ढिगारा सरकू लागला असे समजावे व लोकांस तेथून दूर ठेवावे.

विदर्भात याला आणखी एक कारण आहे. काळी माती उन्हाळ्यात फाटते, पावसात फुगते. ती ढिगाऱ्याच्या तळाशी राहिली तर ओली झाल्यावर निसरडी होते आणि वरचा सारा भार घेऊन घसरू शकते. हीच माती सुरुवातीस वेगळी काढून ठेवून अखेरीस वर पसरली, तर गवत व झाडे धरतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये खाणकामाने बिघडलेल्या जमिनीवर पुन्हा गवत लावण्यासंबंधी निर्देश दिले आहेत. गुरे पाळणाऱ्या गावांच्या दृष्टीने ही बाब साधी नाही.

पायथ्याभोवतीची नाली व निवळण तळी हा तपासणीचा गाभा होय. वाळू काही मिनिटांत तळाशी बसते. काळ्या मातीचे सूक्ष्म कण मात्र तासन् तास तरंगतात. तळ्यात पाणी येण्याचे आणि बाहेर पडण्याचे तोंड जवळजवळ असले तर गढूळ पाणी थेट नाल्यात जाते. गाळाने निम्मे भरलेले तळे नकाशावर पूर्ण क्षमतेचे दिसते! म्हणून खोली काठीने मोजावी. नमुना तळ्याच्या बाहेरच्या तोंडाशी, पाणी वाहत असतानाच घ्यावा. नाल्यात सोडलेल्या पाण्यात तरंगणारे घन पदार्थ लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत व सामू ५.५ ते ९ ही मर्यादा आहे. आसामातील गंधकयुक्त कोळशाप्रमाणे आम्ल पाण्याचा त्रास येथे सहसा होत नाही. येथील मुख्य उपद्रव गाळाचा. तो शेतात पसरतो, ओढ्याचे पात्र उथळ करतो आणि पूर वाढवितो.

खड्ड्याचे तळे करावयाचे असल्यास दोन प्रश्न विचारावेत. एका बाजूने गुरे व माणसे उतरू शकतील असा मंद उतार आहे काय? आणि तळे भरल्यावर जादा पाणी कोणत्या वाटेने जाणार? पंप थांबल्यावर पातळी सावकाश, कित्येक वर्षे चढत राहते. त्यामुळे सांडव्याची उणीव प्रमाणपत्राच्या दिवशी दिसत नाही.

पंचायत सदस्यांनी आराखड्याची प्रत मिळवून नाल्यांची लांबी जागेवर पावलांनी ताडून पाहावी. शेजारच्या विहिरींची पातळी दर महिन्यास नोंदवावी. निवळण तळ्यातील गाळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी कोण काढणार आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यातून होणार, हे अंतिम प्रमाणपत्रावर सही होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावे; राखीव खाते एकदा बंद झाले म्हणजे तो खर्च पायथ्याच्या गावावर येऊन पडण्याचा धोका असतो.